व्याही झाडावर

खोटं बोलायचंच झालं तर माणसानं जमिनीवरचं बोलावं. उंचीवरचं बोलू नये. मी बोललो, आणि म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि मांड्यांना पट्टे अशा वेषात मला एका सिल्व्हर ओकच्या झाडावर माझ्या होणाऱ्या व्याह्यांना मिठी मारून उभं राहावं लागलं. मिठी प्रेमाची नव्हती. प्रेम मागाहून आलं.

सुरुवात फोनवर झाली. कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात मी बनियनवर बसून अवरेकाई, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत होतो. शेंगा सोलून झाल्या की प्रत्येक दाण्याची पुन्हा साल काढायची असते, आणि हे काम घरात मला बिनविरोध मिळालेलं आहे. फोन वाजला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "नमस्कार. मी मनोहरराव निकम, साताऱ्याहून. हर्षचे वडील."

मी उठून उभा राहिलो. फोनवर उभं राहायची गरज नसते हे मला माहीत आहे, पण ते मराठीच तसं होतं.

हर्ष आणि माझी मुलगी सुप्रीता इथे मैसूरला एकाच कंपनीत कामाला आहेत. दोघांचं जमलंय हे आमच्या घरी सगळ्यांत शेवटी मला कळलं. आता दोन्ही घरच्यांनी भेटायचं ठरत होतं, त्याचा हा पहिला फोन. मी माझं नाव सांगितलं, सयाजीराव मोहिते. या नावाचा एक मोठा रस्ता मैसूरच्या मधोमध जातो. त्या रस्त्याचा आणि माझा काडीचा संबंध नाही, पण बाहेरगावच्या माणसाला मी ते लगेच सांगत नाही.

बोलणं छान चाललं होतं. मग मनोहरराव हसून म्हणाले, "तुमचं मराठी ऐकायला फार गोड वाटतं हो!"

आता गोड कोण बोलतं? लहान मूल बोलतं. पोपट बोलतो. आमचे पूर्वज घोड्यावर बसून मैसूरला आले आणि घोडे दमले म्हणून इथेच राहिले. तेव्हापासून आम्ही घरात मराठीच बोलतो. म्हणजे सुरुवात मराठीत करतो, वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते त्या त्या वाक्यावर असतं. पण म्हणून गोड? मला ते लागलं. मी छाती काढून म्हणालो, "आमचे खापरपणजोबा महाराजांच्या घोडदळात होते."

"अरे वा! म्हणजे रक्तातच आहे तुमच्या. आम्हीसुद्धा दर रविवारी अजिंक्यतारा चढतो. सूर्योदयाच्या आधी."

इथे मी 'वा वा' म्हणून थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "मलाही तसलंच आवडतं. डोंगर, दऱ्या, दोर."

दोर का म्हणालो ते मला आजतागायत कळलेलं नाही. दऱ्यांच्या पाठोपाठ तो आपोआप आला.

फोन ठेवला तर समोर चंद्रिका. म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "अहो, बल्ब बदलायला तुम्ही स्टुलावर चढता तेव्हा मी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहते. कसला दोर?"

"बोलायला काय होतंय," मी म्हणालो.

काय होतंय ते त्या शनिवारी कळलं. सुप्रीता ऑफिसातून नाचतच आली. मनोहररावांनी घरी सांगितलं, हर्षनं ते फोनवर ऐकलं, आणि त्या मुलानं दोन्ही वडिलांच्या आवडीची जागा शोधून परस्पर बुकिंग करून टाकलं होतं. बैलकुप्पेच्या पुढे, नदी ओलांडून, एका कॉफीच्या मळ्यात म्हणे झाडांवर दोर बांधलेत. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायचं, फळ्यांवरून, जाळीवरून, आणि शेवटच्या झाडावरून तारेला लटकून थेट पलीकडच्या टेकडीवर. घरी बसून उप्पीट आणि केसरीभात खात एकमेकांकडे बघण्यापेक्षा तिथेच भेटायचं.

मी गुडघ्याचा विषय काढायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, मला किती भय होतं ठाऊक आहे, गोत्ता? ते साताऱ्याचे, तुम्ही इथले. दोघं समोरासमोर बसणार, कोणी तरी काही तरी बोलणार, आणि झालं. आता तुमच्या दोघांत एक तरी गोष्ट सारखी निघाली की."

गुडघ्याचा विषय मी गिळला. मुलगी एवढ्या समाधानानं बघत असताना 'मी खोटं बोललो' हे तीन शब्दसुद्धा फार होतात.

आमच्या शेजारी हयग्रीव राहतात. वीज खात्यातून निवृत्त झालेत. मैसूरमध्ये कोणालाही काहीही करायचं असेल तर त्याचा अनुभव हयग्रीवांना असतो. ते कन्नडच बोलतात, आणि कुठल्याही रावाला इथे म्हणतात तसं मला 'रायरे' म्हणतात. कुंपणावरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रायरे, काळजी करू नका. माझं आयुष्य खांब आणि तारा यांत गेलं." हे खरं आहे, पण ते बिलिंग विभागात होते. तारेच्या दुसऱ्या टोकाला.

त्यांनी माझा सराव घ्यायचं ठरवलं. नारळाचं झाड आणि आमचं लोखंडी गेट यांच्यामध्ये त्यांनी काथ्याचा दोर ताणून बांधला, जमिनीपासून जेमतेम वीतभर. "उंचीचा प्रश्नच नाही," ते म्हणाले, "सगळं मनात असतं." मी एक पाय दोरावर ठेवला. दुसरा ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं, पण गेटाच्या बिजागरीत काही तरी होतं, कारण ती निखळली. गेट आडवं झालं, मी गेटावर आडवा झालो, आणि हयग्रीव नारळाला धरून उभे राहिले.

आवाज ऐकून आमच्या क्रॉसमधली, म्हणजे गल्लीतली, सगळी घरं बाहेर आली. त्यानंतर आठवडाभर मला सल्ले मिळत होते. फुलवाली म्हणाली, केळं खाऊन चढा, पोट जड असलं की माणूस उडत नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांपैकी एकीनं सांगितलं, काही खाऊच नका, वर गेल्यावर ते बाहेर येतं आणि लाज जाते. इस्त्रीवाल्यानं विचारलं, सर्कशीत लागलात काय सार? निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या कॉलेजच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटला असं विचारलं जाणं, यात त्याचा दोष नाही. मी हातात गेट घेऊन उभा होतो.

मग मळ्याच्या ऑफिसातून निरोप आला की पन्नाशीच्या वरच्यांनी डॉक्टरांचा दाखला आणावा. मला वाटलं, सुटलो. आमचे डॉक्टर मी शिंकलो तरी रक्त तपासायला सांगतात. त्यांनी रक्तदाब घेतला, तो वाढलेला होता. माझा चेहरा खुलला.

"कशासाठी हवाय दाखला?" त्यांनी विचारलं.

"मुलीच्या लग्नाची बोलणी आहेत."

"मग एवढा असणारच," ते म्हणाले आणि सही केली. दाखल्यात इंग्रजीत लिहिलं होतं की सदर गृहस्थ दोरीला लटकण्यास योग्य आहेत. असा दाखला पूर्वी फक्त तुरुंगात देत असावेत.

ठरल्या रविवारी आम्ही निघालो. निकम मंडळी आदल्या दिवशी येऊन हॉटेलात उतरली होती. मनोहरराव फोनवरच्या आवाजापेक्षा बुटके आणि रुंद निघाले. त्यांनी नवे कोरे ट्रेकिंगचे बूट घातले होते. एका बुटाच्या तळव्याला किमतीचं स्टिकर अजून होतं, ते मी बघितलं, पण तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. त्यांच्या पत्नी सिंधूताई आणि चंद्रिका मागच्या सीटवर बसल्या आणि हुणसूर येईपर्यंत त्यांचं बोलणं एकमेकींच्या सासूपर्यंत येऊन पोचलं. मुलं गाडीत पुढे, मधल्या सीटवर आम्ही दोघं भीष्मासारखे बसून होतो.

वाटेत बैलकुप्पेचं बौद्ध मंदिर लागतं. अर्धा तास थांबू, हर्ष म्हणाला. आत गेल्यावर मनोहरराव त्या भव्य सोनेरी मूर्तींसमोर मांडी घालून बसले ते उठेनात. मीही बसलो. हर्षनं बोलावलं तेव्हा मनोहरराव म्हणाले, "शांत वाटतंय रे इथे." मी म्हणालो, "फारच." मग आम्ही भिंतीवरची चित्रं एकेक करून पाहिली. मग उलट्या क्रमानं पाहिली. त्या सकाळी आम्हा दोघांना बौद्ध धर्माविषयी जेवढी आस्था वाटली तेवढी तिथल्या भिक्षूंनासुद्धा वाटत असेल की नाही शंका आहे. शेवटी सुप्रीता आली आणि म्हणाली, "अप्पा, चला की. उशीर व्हायला लागलाय."

मळा सुंदर होता. खाली कॉफीची गर्द झाडं, त्यांच्यावर सरळसोट वाढलेले सिल्व्हर ओक. एरवी त्यांच्यावर मिऱ्याचे वेल चढतात, इथे माणसं चढत होती. प्रत्येक झाडाला उंचावर लाकडी माची ठोकलेली, एका माचीपासून दुसऱ्या माचीपर्यंत तारा. झाडांखालच्या हिरवळीवर हासनकडच्या शिक्षिकांची सहल उतरली होती. त्यांनी चटया पसरून चित्रान्नाचे, म्हणजे लिंबूभाताचे, डबे उघडले होते आणि मान वर करून बघायला काही तरी यावं याची वाट बघत होत्या.

आम्हाला शिकवायला एक मुलगी आली, तिचं नाव नव्या. ती तिथल्याच भागातली, चपळ, आमच्यासाठी हिंदीत बोलणारी, आणि बोलण्यात दया-माया नसलेली. पट्ट्यांमध्ये पाय घाला, म्हणाली. मी घातले. तिनं पट्टे ओढले. तान्ह्या मुलाला लंगोट बांधताना आई जशी दोन्ही पाय उचलून ओढते तसं ते ओढणं होतं, फरक एवढाच की तान्ह्या मुलासमोर होणारे व्याही उभे नसतात. खिशातल्या किल्ल्या काढा, मोबाइल काढा, चष्म्याला दोरी लावा, बूट घट्ट बांधा. मग तिनं कमरेच्या दोन आकड्या दाखवल्या. "सार, नीट ऐका. दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत. एक काढली की ती पुढच्या तारेला लावायची, मगच दुसरी काढायची. एक कायम तारेवर. पाय घसरला तरी तुम्ही पडणार नाही, फक्त लटकाल."

"फक्त," मनोहरराव म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते मला पटलेलं पहिलं वाक्य.

"आणि एकदा पुढे गेलं की मागे यायचं नाही. एका पुलावर एकच माणूस. माचीवर माझ्यासकट चार, त्याहून जास्त नाही. हात थकतात, कारण लोक घाबरून तार आवळून धरतात. धरू नका. पायांवर विश्वास ठेवा."

माझ्या पायांना मी सत्तावन्न वर्षं ओळखतो. त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं त्यांनी कधी वागून दाखवलेलं नाही.

नव्या पुढे गेली, तिच्या मागे आम्ही दोघं, शेवटी मुलं. शिडी मी चढलो. हे मी अभिमानानं सांगतो, कारण पुढे अभिमानाची संधी येणार नाही. शिडीच्या वर माची, आणि माचीपुढे ओंडक्यांचा पूल. ओंडके साखळ्यांनी टांगलेले असतात, आणि एकावर पाय ठेवला की तो पुढच्याच्या विरुद्ध दिशेला जातो. माझा डावा पाय कोडगूकडे गेला, उजवा मैसूरकडे निघाला, आणि मध्ये मी राहिलो. खालून चंद्रिकेचा आवाज आला, "अहो, ठरवा की कुठे जायचं ते!" शिक्षिका हसल्या. मी तार आवळून धरली. धरू नका म्हणाली होती हे आठवलं, आणि आणखी आवळून धरली.

कसा पोचलो ते विचारू नका. जाळीच्या पुलावर माझा बूट अडकला आणि तिथेच राहिला. मागून आलेल्या मनोहररावांनी तो सोडवून आणला. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. "तुमचा बूट," ते म्हणाले. "थँक्स," मी म्हणालो. शूर माणसांत जास्त बोलायची पद्धत नसते.

आणि मग ती शेवटची माची. तीन बाजूंना लाकूड, चौथ्या बाजूला काहीच नाही. तिथून एक तार निघून हिरवळीवरून, शिक्षिकांवरून, कॉफीवरून पार टेकडीपर्यंत गेली होती. नव्यानं चाकाची कप्पी तारेवर चढवली आणि विचारलं, "कोण पहिले?"

मी ताबडतोब वाकून हात पुढे केला. "आधी तुम्ही. वरपक्षाचा मान."

"छे, छे," मनोहरराव झाडाला घट्ट धरून म्हणाले, "आमच्यात मानपान वगैरे काही नाही. आम्ही पुढारलेले आहोत. आधी तुम्ही."

"पण आमच्यात आहे की. वरपित्याच्या पुढे आम्ही कसं जाणार?"

"तुम्ही यजमान. गाव तुमचं. वाट दाखवायला यजमानच पुढे असतो."

"हे माझं गाव नाही. मैसूर जिल्हा नदीच्या अलीकडेच संपला. इथे तुम्ही पाहुणे, मीही पाहुणा. त्यातून तुमचं येणं लांबून."

नव्यानं घड्याळ बघितलं. "सार, जमत नसेल तर सांगा. दोर लावून सरळ खाली सोडते. काही लाज नाही त्यात."

'लाज नाही' असं जिथे मुद्दाम सांगावं लागतं तिथे ती असतेच. आम्ही दोघांनीही माना हलवल्या. मग मनोहरराव जरा चिडून म्हणाले, "प्रत्येक गोष्टीत तुम्ही असेच मागे राहणार का? आता लग्नाचंच घ्या. साताऱ्याला करायचं म्हटलं तर—"

"साताऱ्याला कोण म्हटलं? लग्न मुलीकडे असतं."

"आमची दोनशे माणसं म्हैसूरपर्यंत कशी आणायची?"

"मैसूर," मी म्हणालो.

"मराठीत म्हैसूरच म्हणतात."

"आमच्या गावात म्हैस नव्हती. ती तुम्ही आणलीत."

"हे बघा, स्पष्टच विचारतो. तुमच्याकडे विधी तरी आपल्यासारखे होतात का? सुप्रीता परवा मंगळसूत्राला ताळी म्हणाली."

"आणि तुमचा मुलगा दर रविवारी माझ्या घरी येऊन बिसिबेळे भात खातो, तेव्हा तो नाही विचारत हे आपल्यासारखं आहे का म्हणून! दुसऱ्यांदा वाढून घेतो!"

मी आणखीही बोललो असतो. तेवढ्यात वारा आला. सिल्व्हर ओक उंच असतो आणि वाऱ्यात डुलतो. खालून बघायला ते फार छान दिसतं. आमच्यासकट तो एका बाजूला गेला, क्षणभर थांबला आणि परत आला. वारा थांबला तेव्हा मी मनोहररावांच्या गळ्यात होतो आणि ते माझ्या. आमची हेल्मेटं एकमेकांवर टेकली होती.

"मनोहरराव," मी डोळे न उघडता विचारलं, "तुम्ही दर रविवारी चढता ना अजिंक्यतारा?"

"पायथ्याशी चहाची टपरी आहे," ते म्हणाले. "तिथपर्यंत जातो. छान असतो चहा." मग म्हणाले, "तुमचं घोडदळ?"

"होते घोडदळात. घोड्यांना खरारा करायचे."

ते हसायला लागले. त्यांच्या हसण्यानं माची हलली म्हणून मी त्यांना गप्प बसवलं, आणि मलाच हसू आलं.

खालून एक बाई कन्नडमध्ये ओरडली की लग्न मैसूरलाच करा. दुसरी म्हणाली, आणि रिसेप्शन साताऱ्याला ठेवा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, वर आवाज बारीक वाटतो पण खाली सगळं स्पष्ट ऐकू जातं. मी वाकून बघितलं. सिंधूताई आणि चंद्रिका शिक्षिकांच्या चटईवर बसून चित्रान्न खात होत्या, आणि चंद्रिका त्या बायकांना आमचं भांडण कन्नडमध्ये सांगत होती. दोघींचीही नजर आमच्यावर होती, आणि त्या नजरेत कौतुक नव्हतं.

मग सुप्रीता आली. जाळीवरून आली. लहानपणी ती जिना उतरायची तेव्हा मी मागून ओरडायचो, भिंत धर, भिंत धर. आज तिनं कशालाच धरलं नव्हतं. मोकळ्या हातांनी, पाय मोजून टाकत ती येत होती, आणि मी भीती विसरून बघत राहिलो. ही कधी एवढी मोठी झाली, आणि मी तेव्हा कुठे होतो? ऑफिसात असणार.

माचीवर पाय ठेवताच ती म्हणाली, "अप्पा, काय करायलात हे? सगळ्यांना ऐकू येतंय."

"लग्न कुठे करायचं त्याचं जरा..."

"कुणाचं लग्न?"

"तुझं की."

"मी हो म्हटलंय?" तिचा आवाज चढला. "जमलंय जमलंय म्हणून सगळा गाव सांगतो. तुम्ही जागा ठरवायलात, हे काका माणसं मोजायलेत. हर्षनं अजून मला विचारलंसुद्धा नाही, गोत्ता? एकदाही नाही. त्याला वाटतंय घरच्यांनी ठरवलं, घरच्यांना वाटतंय त्यानं विचारलं. मी सुम्ने, उगीच, उभी आहे बाजूला."

खाली हिरवळीवर चमचे वाजायचे थांबले. मागच्या माचीवर हर्ष उभा होता. त्यालाही हे ऐकू गेलं असणार, कारण तो एकदम तारेला धरून बसला.

"विचारलं नाही?" मनोहरराव हळू आवाजात म्हणाले.

"नाही, काका."

मला स्वतःची फार लाज वाटली. या मुलीला काय हवंय हे विचारायचं सोडून मी म्हैस आणि मानपान करत बसलो होतो. खाली दोर लावून उतरायला तोंड नव्हतं, वर उभं राहायला तर त्याहून नव्हतं. मी नव्याला म्हटलं, "लाव."

तिनं कप्पीला आकड्या अडकवल्या. "पाय उचला, बसल्यासारखे राहा. तारेला हात लावू नका. लावलात तर मध्येच थांबाल."

मी सुप्रीताकडे बघितलं, काही तरी बापासारखं बोलायचं होतं. बोलायच्या आत नव्यानं मला बोटानं जरासं ढकललं.

पहिले काही क्षण मला आठवतात ते असे: वारा, कॉफीचा वास, माझीच किंकाळी. मग मी तारेला हात लावला. कप्पी कुरकुरली, मी एक गिरकी घेतली आणि बरोबर मध्यावर, शिक्षिकांच्या चटयांच्या वर, तोंड टेकडीकडे आणि पाठ माचीकडे करून लटकत थांबलो.

ज्याला कधी असं लटकायचा प्रसंग आला नाही त्याला सांगतो, तिथे वेळ फार असतो. फिरता येत नाही, उतरता येत नाही. डबे खाली दिसतात. मी शांतपणे चित्रान्नात शेंगदाणे आहेत की काजू हे बघत होतो. मागे माचीवर काही बोलणं चाललं होतं, पण कानांत वारा. मग अचानक टाळ्यांचा कडकडाट झाला. शिक्षिका उठून उभ्या राहिल्या, कोणी शिट्टी वाजवली, चंद्रिका दोन्ही हात वर करून नाचली.

माझे डोळे भरून आले. भित्रा माणूस धाडस करतो तेव्हा त्याची किंमत बायकांनाच कळते असं वाटलं. मी एक हात सोडला. तो वर उचलून हलवला. मग धीर करून दुसराही सोडला आणि दसऱ्याच्या अंबारीतून करावा तसा चहूबाजूंना नमस्कार केला. टाळ्या आणखी वाढल्या.

टेकडीकडच्या माणसानं तारेवरून येऊन मला ओढत नेलं. पलीकडे एक बाक होता, त्यावर मी बसलो. थोड्या वेळानं मनोहरराव आले. त्यांनी निघताना 'हर हर महादेव' सुरू केलं होतं, ते 'आई गं'वर संपलं. ते माझ्या शेजारी बसले.

तेवढ्यात पायवाटेनं चंद्रिका आणि सिंधूताई धापा टाकत आल्या. दोघींचे डोळे लाल. चंद्रिकेनं तर पदर डोळ्यांना लावला.

"अगं, रडायचं काय त्यात," मी मोठ्या मनानं म्हणालो. "आलो ना सुखरूप."

"तुमच्यासाठी कोण रडतंय?" ती म्हणाली. "सुप्रीता हो म्हणाली!"

"कधी?"

"तुम्ही लोंबत होता तेव्हा! तुम्ही गेलात, जागा झाली, हर्ष माचीवर गेला. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं तिला. टाळ्या नाही ऐकू आल्या?"

त्या टाळ्यांना मी दोन्ही हातांनी नमस्कार केला होता. माझ्या एकुलत्या एका मुलीनं लग्नाला होकार दिला आणि मी तिच्याकडे पाठ करून चित्रान्न बघत होतो. मी मनोहररावांकडे वळलो. "तुम्ही तर तिथेच होता. दोघांच्या मधोमध. तुम्ही तरी बघितलंत?"

मनोहरराव बुटाकडे बघू लागले. "मी डोळे मिटून घेतले होते."

"ऐकलं तरी असेल!"

"ऐकलं असं नाही," सिंधूताई कडक आवाजात म्हणाल्या. "हर्षनं विचारलं, 'तयार?' तर हे डोळे मिटून ओरडले, 'नाही! अजिबात नाही!'"

"मला वाटलं नव्या विचारतेय," मनोहरराव म्हणाले.

इतक्यात तारेवरून सुप्रीता आली, हसत, केस उडवत, आणि पावलं टेकवून सहज थांबली. मागोमाग हर्ष. मी उठून उभा राहायला गेलो, पण पाय तयार नव्हते, म्हणून बसूनच तिचा हात धरला. मनोहररावांनी दुसरा धरला.

"पुट्टी," मी म्हणालो, लहानपणी म्हणायचो तसं, "आम्ही दोघंच राहिलो बघ. आम्हाला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. आमच्यासाठी एकदा परत सांग की."

"सांगते की," ती म्हणाली आणि झाडाकडे बोट केलं. "चला वर."

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "आलं, आलं. ऐकू आलं."